साथीच्या दिवसांत वसतिगृह आणि मेस



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामात बॅगा खरेदीचा हंगाम सुरू होतो. कुणाची मुलगी पुण्याला अभियांत्रिकीला जाते, कुणाचा मुलगा मिरजेला वैद्यकीयला, कुणी थेट कॅनडाला. गादी, बादली, चकल्यांचा डबा, लोणच्याची बरणी ही यादी ठरलेली असते. २०२० आणि २०२१ साली त्या यादीत मास्क, सॅनिटायझर आणि थर्मामीटर यांची भर पडली. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्या वस्तू आपण माळ्यावर टाकल्या.

विषय मात्र संपलेला नाही. २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यातील शाळा-महाविद्यालये बंद पाडली होती. त्या साथीचा देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच गेला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर अकरा वर्षांच्या आत कोविड आला. पुढची साथ केव्हा येईल आणि कोणत्या रोगाची असेल, हे कुणालाच सांगता येणार नाही. ती येईल तेव्हा कुणाची ना कुणाची मुले वसतिगृहात असणारच. म्हणून मागच्या साथीने वसतिगृहांना आणि मेसना जे शिकवले, ते आज डोके शांत असताना समजून घेऊ या.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना विवेक या सद्‌गुणावर आमचे बरेच तास खर्ची पडत. संत थॉमस अक्वायनस विवेकाच्या अंगांची चर्चा करतात आणि त्यांत दूरदृष्टीला प्रमुख स्थान देतात. जे अजून घडलेले नाही त्यासाठी आज काय करायचे ते ठरवणे, हा विवेकाचा गाभा. भित्रा माणूसही पुढचा विचार करतो, पण त्याचा विचार निर्णयापर्यंत पोहोचत नाही, तो नुसता काळजीतच फिरत राहतो. वसतिगृहात जाणाऱ्या मुलाला काळजी देऊन पाठवायचे की चार पक्के निर्णय देऊन, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

मास्क कुठे उतरतो?

कोविडच्या पहिल्या वर्षी आपण काय काय केले, आठवते ना? बटाटे साबणाने धुतले, दुधाच्या पिशव्या उन्हात ठेवल्या, दाराच्या कड्या दिवसातून चारदा पुसल्या. त्या वेळी नीट माहिती नव्हती, त्यामुळे ते गैर म्हणता येणार नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्पष्ट केले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. खरा धोका हवेचा होता. बंद जागेत, तोंड उघडे ठेवून, जवळजवळ बसून आपण काय करतो? जेवतो, आणि जेवताना बोलतो!

चीनमधील ग्वांगझू शहरातील एका उपाहारगृहाचे उदाहरण संशोधकांनी बारकाईने तपासले आहे. २४ जानेवारी २०२० रोजी, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, तीन कुटुंबे शेजारशेजारच्या तीन टेबलांवर दुपारचे जेवत होती. त्यांतले एक कुटुंब वुहानहून आलेले होते. त्या मजल्याला खिडक्या नव्हत्या, वातानुकूलन यंत्राचा झोत या तीन टेबलांवरून वाहत होता. पुढे या तीन कुटुंबांतील मिळून दहा जणांना कोविड झाला. त्याच मजल्यावरच्या इतर टेबलांवर बसलेल्यांना झाला नाही, वाढप्यांनाही झाला नाही. म्हणजे कोण कुठे बसले आणि हवा कुठून कुठे गेली, यावर सगळे ठरले.

आपल्या देशातले उदाहरण मद्रास आयआयटीचे. डिसेंबर २०२० मध्ये तेथे थोडेच विद्यार्थी परतले होते, बहुतेक संशोधन करणारे, म्हणजे जाणती माणसे. तरी काही दिवसांत शंभराहून अधिक जणांना लागण झाली आणि संस्था बंद करावी लागली. अनेक वसतिगृहांतील विद्यार्थ्यांसाठी एकच मेस चालू होती, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. प्रयोगशाळेत सगळे मास्क लावून बसत, मेसमध्ये तो उतरत असे. लागण आढळल्यावर संस्थेने जेवण पाकिटातून खोल्यांवर पोहोचवायला सुरुवात केली. तीच व्यवस्था आधी केली असती तर? असो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये महाविद्यालये उघडण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मेसची वेळ वाढवा, लहान गटांनी जेवायला बसवा, डबा नेण्याची सोय ठेवा, वाढणाऱ्यांना मास्क द्या, एका खोलीत एकच विद्यार्थी ठेवा, असे त्यात होते. सूचना उत्तम होत्या. पण ज्या वसतिगृहात एका खोलीत चार कॉट दाटीने लावलेल्या असतात तिथे ‘एका खोलीत एक’ हे वाचायला बरे वाटते, एवढेच. म्हणून नियम संस्थेवर सोडून चालत नाही. मुलाने आपल्यापुरती काही व्यवस्था स्वतः लावायची असते.

कुणासोबत जेवायचे?

‘गर्दी टाळ’ असे आपण मुलांना सांगतो. हा उपदेश फार ढोबळ आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाला तो पाळणेही कठीण जाते. नव्या गावात, नव्या माणसांत तो मैत्री शोधायलाच निघालेला असतो आणि मैत्री जेवणाच्या टेबलावरच जमते. त्याला एकटे जेवायला सांगणे क्रूरपणाचे आहे, आणि तो ते ऐकणारही नाही.

त्यापेक्षा असे सांगा: साथ असेपर्यंत जेवायची माणसे ठरवून घे. खोलीतले दोघे-तिघे, फार तर शेजारच्या खोलीतला एक. रोज तेच चौघे. (चांडाळचौकडी म्हणा हवे तर!) एका खोलीत झोपणारे एकमेकांचा श्वास रात्रभर घेतातच, त्यामुळे त्यांनी एकत्र जेवल्याने धोका फारसा वाढत नाही. धोका वाढतो तो आज या टेबलावर, उद्या त्या टेबलावर, रविवारी गावातल्या हॉटेलात बारा जणांसोबत, अशा फिरतीने. चौघांपैकी एकाला लागण झाली तर कुणाला सांगायचे हेही लगेच कळते, यादी करत बसावे लागत नाही.

मेसमध्ये पहिल्या अर्ध्या तासात किंवा शेवटच्या अर्ध्या तासात जावे. शेवटी गेल्यास भाजी संपलेली असते, हा अनुभव मेसमध्ये जेवलेल्या प्रत्येकाला आहे, म्हणून पहिला अर्धा तास बरा. डबा नेता येत असेल तर न्यावा आणि व्हरांड्यात, गच्चीवर, झाडाखाली बसून खावा. आतच बसायचे असेल तर खिडकीजवळ बसावे आणि वातानुकूलन यंत्रासाठी खिडक्या बंद केल्या असतील तर एखादी उघडायला सांगावी. जेवण वीस मिनिटांत उरकावे, गप्पा नंतर बाहेर माराव्यात. आपले ताट, वाटी, चमचा, पेला स्वतंत्र असावा. एका ताटात तिघांचे चमचे आणि एक बाटली सहा तोंडांना, ही वसतिगृहाची जुनी रीत आहे. त्यात प्रेम असते हे खरे, पण साथीत ती बाजूला ठेवावी लागते.

इथे एक गोष्ट विसरू नका. कोविड अन्नातून पसरल्याचा पुरावा मिळाला नाही, पण कावीळ, विषमज्वर आणि जुलाब अन्नपाण्यातून पसरतात आणि वसतिगृहात ते साथीची वाट पाहत नाहीत. गरम अन्न, उकळलेले किंवा नीट गाळून शुद्ध केलेले पाणी आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, हे कायमचेच आहे.

मेजवानीची रात्र

रोजची शिस्त बहुतेक मुले पाळतात, ती मोडते एखाद्याच रात्री. अमेरिकेत इंडियाना राज्यात नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ आहे, १८४२ साली होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी स्थापन केलेले. २०२० साली त्यांनी वर्ग उघडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची तपासणी केली. एक टक्क्याहूनही कमी विद्यार्थ्यांना लागण निघाली. भोजनगृहातून जेवण बांधून देण्याची सोय होती. १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि १८ ऑगस्टला, आठच दिवसांनी, दीडशेच्या आसपास रुग्ण निघाल्याने प्रत्यक्ष वर्ग दोन आठवड्यांसाठी थांबवावे लागले. विद्यापीठाने कारण सांगितले ते आवाराबाहेरच्या घरांत झालेल्या मेजवान्यांचे. तिथे ना मास्क होता, ना अंतर.

तरुणांनाच बोल लावू नका. त्याच विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष फादर जॉन जेनकिन्स सप्टेंबरअखेर व्हाइट हाऊसमधील एका समारंभाला गेले, मास्क न लावता बसले, हस्तांदोलन केले आणि पुढे त्यांनाही लागण झाली. त्यांनी विद्यार्थ्यांची जाहीर माफी मागितली. मोठ्या माणसाने असे मोकळेपणाने सांगितले की मुलांनाही सांगायचे धैर्य येते, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नवागतांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. त्यानंतर अडीचशेहून अधिक विद्यार्थी व कर्मचारी बाधित आढळले. त्यांतल्या बहुतेकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले होते. लसीमुळे आजार सौम्य राहिला, ही लसीची मोठी कामगिरी. पण लस घेतली म्हणजे लागण होणारच नाही आणि आपल्यामुळे दुसऱ्याला होणार नाही, असे समजण्यात चूक होती. मुलाला इतकेच विचारून ठेवा: ‘सगळे जायला निघाले आणि तुला जायचे नसेल, तर तू काय म्हणशील?’ उत्तर आधीपासून तोंडात तयार असले तर ऐन वेळी ओशाळे व्हायला होत नाही.

ताप आल्यावर पहिला फोन

हा या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

साथीच्या काळात काही मुलांचे मला फोन येत. ‘फादर, अंगात थोडी कणकण आहे, पण घरी सांगू नका.’ का सांगायचे नाही? ‘आई घाबरेल.’ ‘बाबा म्हणतील, तरी सांगत होतो बाहेर जाऊ नकोस.’ कुणाला भीती असे की वॉर्डन लगेच खोली सोडायला लावतील. कुणाची प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आलेली. मुले काही खोटारडी नव्हती. खरे बोलण्याची किंमत त्यांना फार वाटत होती, इतकेच.

कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकत असे. म्हणजे ताप येतो तेव्हाच थोडा उशीर झालेला असतो, आणि लपवलेला प्रत्येक दिवस त्यात भर घालतो. तो दिवस मोजावा लागतो इतरांना. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा विचार करा. वय पन्नाशीच्या पुढे, कदाचित मधुमेह, घरी दोन खोल्यांत सहा माणसे, आणि कामावर गेले नाही तर त्या दिवसाचा पगार नाही. वीस वर्षांचा मुलगा तीन दिवसांत उठून बसतो. मावशींचे तसे होईलच असे नाही. मुलगा लपवतो तेव्हा त्याच्या मनात मावशी नसतात, फक्त आई-बाबा असतात. म्हणून निघण्यापूर्वी घरात त्या मावशींचे नाव निघाले पाहिजे. नाव माहीत नसेल तर मुलाने पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

पालकहो, तुम्ही मुलाला एक शब्द द्यायचा आहे: ‘तू आजारी असल्याचे सांगितलेस तर आम्ही पहिल्या फोनवर एकही प्रश्न विचारणार नाही. कुठे गेला होतास, कुणासोबत होतास, काही नाही.’ पहिल्या फोनवर फक्त ताप किती, खाल्ले का, खोलीत कोण आहे, एवढेच विचारायचे. रागवायचे असेल तर तो बरा झाल्यावर रागवा. एका आईने मला सरळ सांगितले, ‘फादर, एवढे मला जमायचे नाही.’ मी म्हटले, ‘मग पहिला फोन मावशीला किंवा मामाला करू दे, त्यांना जमेल.’ तसेच त्यांनी ठरवले. प्रत्येक घरात असे एखादे माणूस असतेच.

मुलानेही शब्द द्यायचा आहे. ताप, घसा, वास न येणे, जुलाब, यांतले काहीही झाले की मेसमध्ये न जाता आधी वॉर्डनना कळवायचे आणि जेवणाच्या चौघांना सांगायचे. परीक्षा असली तरी. त्या वेळी घेतलेल्या बहुतेक परीक्षा नंतर पुन्हा देता आल्या.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

वसतिगृह पाहायला गेल्यावर आपण पंखा, कपाट आणि नळाचे पाणी बघतो. आणखी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. आजारी मुलासाठी वेगळी खोली आहे का, आणि तिला वेगळे स्वच्छतागृह आहे का? तिथे जेवण कोण नेऊन देतो? रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा आणि कोणत्या रुग्णालयात नेणार? कॉट बेसिसवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणार असेल तर हे प्रश्न घरमालकाला विचारा. तिथे वेगळी खोली बहुधा नसते, तेव्हा त्या शहरातील एखाद्या नातेवाइकाशी आधीच बोलून ठेवा.

आणि वसतिगृह अचानक बंद झाले तर? मार्च २०२० मध्ये अनेक मुलांना दोन-तीन दिवसांत खोल्या सोडाव्या लागल्या. पुस्तके, कपडे, कुणाची मूळ प्रमाणपत्रे महिनोन्‌महिने कुलपाआड राहिली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय झाला आणि वसतिगृहे पुन्हा रिकामी झाली. मूळ कागदपत्रे एका पिशवीत हाताशी असावीत, घरी येण्याइतके रोख पैसे वेगळे ठेवावेत, आणि मेसचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळण्याचा नियम लेखी विचारून घ्यावा. शेवटच्या गोष्टीला संकोचू नका.

बॅगेत एक छोटी पेटी ठेवा: थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे, काही चांगले मास्क, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि तो वाचायची माहिती. आकडा ९४च्या खाली गेला किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे. दम्याचा पंप वा नेहमीचे औषध असेल तर महिनाभराचे जास्त असावे. खोलीत चार दिवस काढायचे झाल्यास भडंग, चणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू उपयोगी पडतात. विजेची किटली अनेक वसतिगृहांत चालत नाही, आधी विचारा.

खोलीतला मित्र आजारी पडला तर

संत अलॉयशियस गोंझागा हे विद्यार्थ्यांचे आश्रयदाते. १५९१ साली रोममध्ये साथ आली तेव्हा ते स्वतः विद्यार्थी होते. रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि २१ जून रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, ते वारले. त्यांचा सण आपण प्रवेशाच्या दिवसांतच साजरा करतो. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १५७६ साली, मिलानमध्ये प्लेग असताना संत चार्ल्स बोरोमियो यांनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी. एकाने रुग्णाला खांद्यावर घेतले, दुसऱ्याने अंतर राखून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट काढली. आज आपल्याकडे रुग्णालये आहेत, रुग्णवाहिका आहेत. वसतिगृहातल्या मुलाला बहुतेक वेळा बोरोमियोंचाच मार्ग धरायचा आहे. मित्राचा डबा दाराबाहेर ठेवावा, पाणी भरून द्यावे, दिवसातून दोनदा फोनवर त्याचा ताप विचारावा, वर्गातील टिपणे पाठवावीत. खोली बदलावी लागली तर ‘तुला टाकून गेलो’ असे त्याला वाटू नये म्हणून जाताना स्वतः सांगून जावे.

विलगीकरणातले दिवस शरीरापेक्षा मनाला जड जातात. पालकांनी दिवसातून सहा फोन करून ताप विचारण्यापेक्षा संध्याकाळची एक वेळ ठरवावी आणि त्या वेळी आजाराखेरीज बाकी सगळे बोलावे: केळीचा घड उतरवला, शेजारच्या कुत्रीला पिल्ले झाली. आजारी माणसाला रविवारच्या मिस्सेचे बंधन नाही, हेही मुलाला सांगून ठेवा. काही मुले त्याचीही रुखरुख घेऊन बसतात.

सुट्टीत घरी येताना

नाताळच्या सुट्टीत मुलगा घरी येतो तेव्हा आजी-आजोबा ओटीवर वाट पाहत असतात. साथ चालू असेल तर हा प्रवासाचा सर्वांत नाजूक टप्पा. निघण्यापूर्वी चार-पाच दिवस त्याने मेजवान्या टाळाव्यात, शक्य झाल्यास तपासणी करावी, रेल्वेत वा बसमध्ये मास्क काढू नये आणि डबा खायचा असेल तर खिडकीशी खावा. घरी आल्यावर पहिले पाच दिवस त्याने बाहेरच्या खोलीत झोपावे आणि जेवण ओटीवर घ्यावे. आजीने उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसावे, गप्पा तेवढ्या अंतरावरूनही होतात. तिकीट काढतानाच हे पाच दिवस मोजा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोहोचणाऱ्या मुलाकडे ते उरत नाहीत, म्हणून तिकीट १९ तारखेचे काढावे.